दंडावरचा पट्टा, खिशातला फोन

उच्च रक्तदाब दुखत नाही आणि खुपतही नाही. त्याच्या उपचारातली सारी अडचण इथूनच सुरू होते. ताप उतरला की औषध लागू पडल्याचे कळते, पाय मुरगळला की चालताना आठवण होते. रक्तदाबाचे तसे नाही. वरचा आकडा १७० असलेला माणूस सकाळी लोकल पकडतो, शिफ्ट करतो, रात्री जेवून झोपतो. गोळी सुरू केल्यावर त्याला विशेष बरे वाटत नाही आणि सोडल्यावर लगेच वाईटही वाटत नाही. बिघडते ते काही वर्षांनी: पक्षाघात होतो, हृदयविकाराचा झटका येतो किंवा मूत्रपिंडे निकामी होत आलेली असतात. म्हणून या विकारात तीन साधी कामे वर्षानुवर्षे बिनचूक व्हावी लागतात. रक्तदाब नीट मोजला गेला पाहिजे, गोळी रोज पोटात गेली पाहिजे आणि आकडा खाली येत नसेल तर कोणीतरी औषध वाढवले पाहिजे. मोबाइल फोनकडून मदतीची अपेक्षा आहे ती या तीन कामांत. ती कितपत पुरी झाली यावर अभ्यास बरेच झाले आहेत आणि मतभेदही तेवढेच आहेत.

प्रश्नाचा आकार

जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च रक्तदाबावर जागतिक अहवाल काढला. त्यातल्या अंदाजानुसार भारतात ३० ते ७९ या वयातल्या सुमारे १८ कोटी ८० लाख लोकांना हा विकार आहे. त्यांपैकी निदान झाले आहे ३७ टक्क्यांचे, उपचार घेतात ३० टक्के आणि रक्तदाब आटोक्यात आहे तो १५ टक्क्यांचा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, ‘इंडियाब’ पाहणीने त्याच वर्षी वीस वर्षांवरच्या लोकांत हे प्रमाण ३५.५ टक्के सांगितले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) पंधरा वर्षांवरच्या पुरुषांत ते २४ टक्के आणि स्त्रियांत २१ टक्के निघाले. मुंबईत २०२१ मध्ये झालेल्या ‘स्टेप्स’ पाहणीत ३४ टक्के. आकड्यांतली ही तफावत बरीचशी वयोगटांची आणि मोजण्याच्या पद्धतीची आहे. निदान, उपचार आणि नियंत्रण यांची उतरंड मात्र कुठेही चुकत नाही, सर्वांत मोठी गळती निदानाच्या पायरीवर होते आणि पुढच्या दोन पायऱ्यांवरही ती चालूच राहते.

नवी मुंबईसारख्या शहरात ही गळती कशी होते ते पाहण्यासारखे आहे. शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची, महापालिका १९९२ ची. ठाणे–बेलापूर रस्त्याला लागून टीटीसी औद्योगिक क्षेत्रातले कारखाने, तिथे तीन पाळ्यांचे काम. ऐरोली आणि महापे भागात आयटी कंपन्या. तुर्भे–वाशीला बाजार समितीचे घाऊक बाजार आणि तिथे पहाटेपासून पाठीवर ओझे वाहणारे माथाडी. मधूनमधून आगरी–कोळ्यांची मूळ गावठाणे, आणि डोंगराच्या कडेने दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत झोपडपट्ट्या. महापालिकेची नागरी आरोग्य केंद्रे नोडानोडांत आहेत; वाशी, नेरुळ आणि ऐरोलीला रुग्णालये आहेत. त्यांच्या जोडीला गल्लोगल्ली खासगी दवाखाने. बीपीचा पेशंट यातले काहीच कायमचे धरून राहत नाही. एका महिन्याची गोळी केंद्रातून, पुढच्या महिन्याची कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून जुनी स्ट्रिप दाखवून, आणि दिवाळीत गावी गेल्यावर तिथल्या डॉक्टरकडून. तिन्हीकडे केसपेपर वेगळा असतो.

पाऱ्यापासून पडद्यापर्यंत

दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायची पद्धत इटलीतल्या शिपिओने रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये मांडली. पट्ट्याखाली स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकण्याची जोड रशियन शल्यचिकित्सक निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये दिली. पुढे कितीतरी दशके हे काम डॉक्टर आणि नर्स यांच्यापुरतेच राहिले, कारण कान तयार असल्याशिवाय ते जमत नसे. पट्ट्यातल्या हवेची कंपने टिपून आकडा काढणारी बॅटरीवरची यंत्रे आली आणि मोजमाप घरात शिरले. पारा हाताळण्याच्या धोक्यामुळे, आणि पुढे पाऱ्याच्या वापराला आळा घालणाऱ्या मिनामाता करारामुळे, पाऱ्याची उभी पेटी दवाखान्यांतूनही हटत गेली.

फोन या कहाणीत आला तो आधी एसएमएसच्या रूपाने. गोळी घ्या, मीठ कमी खा, अमुक तारखेला या, असे दीडशे-एक अक्षरांचे निरोप. स्मार्टफोन आल्यावर यंत्रातला आकडा ब्लूटूथने फोनवर आणि तिथून डॉक्टरकडे जाऊ लागला. भारतात या गोष्टी आवाक्यात आल्या त्या सप्टेंबर २०१६ नंतर, जिओने डेटाचे दर पाडल्यावर. त्या कंपनीचे मुख्य ठाणे नवी मुंबईतच, घणसोलीला आहे. फोनवरून सल्ला देणे कायद्यात बसते की नाही हा प्रश्न मात्र बराच काळ लोंबकळत होता. केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली ती २५ मार्च २०२० रोजी, म्हणजे देशभर टाळेबंदी लागू झाली त्याच दिवशी.

या क्षेत्रातल्या सगळ्या प्रयोगांना ‘मोबाइल आरोग्य’ असे एकच नाव देण्याची पद्धत पडली आहे, आणि त्यामुळे बराच गोंधळ होतो. फोन कोणाच्या हातात आहे, यावर काम पार बदलते. पेशंटच्या हातातला फोन, सिस्टरच्या हातातला फोन आणि डॉक्टरच्या टेबलावरचा फोन या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पुढचा आढावा त्याच क्रमाने घेतला आहे.

पेशंटच्या हातात

सर्वांत जुना आणि स्वस्त उपाय निरोपाचा. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनच्या एका सरकारी दवाखान्यातल्या १,३७२ पेशंटांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. वर्षभर माहितीचे एसएमएस मिळालेल्यांचा वरचा आकडा, न मिळालेल्यांपेक्षा सरासरी पाऱ्याच्या २.२ मिलिमीटरने खाली होता. उलट उत्तर देण्याची सोय असलेल्या एसएमएसने त्याहून जास्त काही साधले नाही. अमेरिकेत ‘मेडिसेफ’ या गोळीची आठवण देणाऱ्या ॲपची चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. ॲप वापरणारे आपण गोळ्या जरा जास्त नियमित घेतो असे सांगत होते. रक्तदाबात मात्र फरक नव्हता. ही विसंगती पुढच्या अभ्यासांतही भेटते. पेशंट जे सांगतो आणि पट्टा जे दाखवतो त्यांचा मेळ नेहमी बसत नाही.

घरी मोजून आकडे पाठवण्याच्या पद्धतीला मिळालेला पुरावा यापेक्षा भक्कम आहे. ब्रिटनमधल्या ‘टॅस्मिन ४’ चाचणीत (२०१८) पेशंटांचे तीन गट होते. पहिल्या गटाचे औषध नेहमीप्रमाणे दवाखान्यात घेतलेल्या रक्तदाबावरून ठरले. दुसऱ्याने घरी मोजून आकडे कागदावर कळवले. तिसऱ्याने ते फोनवरून कळवले. वर्षाअखेरीस वरचा आकडा पहिल्या गटात १४०.४, दुसऱ्यात १३७ आणि तिसऱ्यात १३६ होता. म्हणजे लाभ झाला तो मुख्यतः घरी मोजल्याचा आणि त्यावरून औषध बदलल्याचा. फोनने तो फार तर थोडा लवकर घडवून आणला. त्याआधी, २०१७ मध्ये, पंचवीस चाचण्यांतल्या दहा हजारांवर पेशंटांची माहिती एकत्र करून तपासली गेली, तेव्हाही हेच दिसले होते. नुसते यंत्र घरी देऊन आकडा जेमतेम १ मिलिमीटरने उतरला. मोजण्याच्या जोडीला औषधात बदल, फार्मासिस्ट किंवा नर्सचा सल्ला असा भरगच्च आधार होता तिथे ६ मिलिमीटरपर्यंत.

जपानने वेगळी वाट धरली. तिथे ‘क्युअरॲप’ हे मीठ, वजन, व्यायाम यांची सवय लावणारे ॲप औषधासारखे चाचणीतून नेले गेले. औषध न घेणाऱ्या पेशंटांत चोवीस तासांच्या मोजणीत २.४ मिलिमीटरचा फरक मिळाला आणि २०२२ मध्ये तिथल्या आरोग्य विम्याने त्याचा खर्च उचलायला सुरुवात केली.

दोन-अडीच मिलिमीटर म्हणजे थोडे की पुष्कळ, यावर तज्ज्ञांत सरळ दोन तट आहेत. पुष्कळ म्हणणारे लोकसंख्येच्या बाजूने पाहतात. वरचा आकडा ५ मिलिमीटरने उतरला की हृदयविकार आणि पक्षाघाताच्या मोठ्या घटना सुमारे दहा टक्क्यांनी घटतात, असा २०२१ चा एकत्रित निष्कर्ष आहे. तो धरला तर कोट्यवधी लोकांत २ मिलिमीटरही वाया जात नाहीत, आणि एसएमएसला खर्च तो किती? थोडे म्हणणारे पेशंटच्या खुर्चीकडे बोट दाखवतात. अम्लोडिपिनची पाच मिलिग्रॅमची स्वस्त गोळी रोज घेतली तर आकडा याच्या कितीतरी पट उतरतो. म्हणून पैसा आणि मेहनत आधी गोळी पोहोचवण्यात जावी, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही बाजू एकाच आकडेवारीवर उभ्या आहेत, त्यामुळे नव्या चाचणीने हा वाद मिटेल असे दिसत नाही.

पट्ट्याविना मोजणे

पेशंटच्या हातातल्या फोनचा एक उपप्रकार जाहिरातींमुळे सर्वांत जास्त ठाऊक आहे. कॅमेऱ्यावर बोट ठेवा किंवा मनगटाला घड्याळ बांधा, रक्तदाब पडद्यावर. इथला इतिहास सावध करणारा आहे. ‘इन्स्टंट ब्लड प्रेशर’ हे ॲप २०१४–१५ मध्ये वर्षभर धडाक्याने विकले गेले. २०१६ मध्ये त्याची पट्ट्याच्या यंत्राशी तुलना झाली, तेव्हा ज्यांचा रक्तदाब खरोखर वाढलेला होता त्यांतल्या जवळजवळ पाचातल्या चौघांना त्याने सर्व ठीक असल्याचे सांगितले. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने उत्पादकाविरुद्ध कारवाई केली.

त्यानंतर तंत्र सुधारले आहे. सॅमसंगच्या घड्याळाला दक्षिण कोरियात २०२० मध्ये मान्यता मिळाली, पण दर चार आठवड्यांनी ते पट्ट्याच्या यंत्राशी जुळवून घ्यावे लागते. ॲपलच्या घड्याळाला सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली ती नुसता इशारा देण्याची. ते आकडा सांगतच नाही, कित्येक दिवसांच्या नोंदींवरून ‘एकदा तपासून घ्या’ एवढेच म्हणते. निदान किंवा उपचार ठरवण्यासाठी पट्ट्याविना यंत्रे वापरू नयेत, असा युरोपातल्या तज्ज्ञ संस्थांचा सल्ला आहे. पट्ट्याची यंत्रेही सरसकट विश्वासाची नसतात. ऑस्ट्रेलियात ऑनलाइन विक्रीला असलेली ९७२ यंत्रे २०२० मध्ये तपासली गेली. दंडावर बांधायच्या यंत्रांपैकी १८ टक्क्यांच्या आसपास यंत्रांचीच अचूकता रीतसर पडताळलेली निघाली. मनगटी पट्टीच्या ५३२ नगांपैकी एकाचीही नाही. भारतात रक्तदाबाची यंत्रे २०२१ पासून वैद्यकीय उपकरणांच्या नियमांखाली आली, पण दुकानात खोका उलटून पाहणाऱ्याला अजून त्यावर किंमत आणि वॉरंटी हेच आधी दिसते.

यंत्र चांगले असले तरी मोजणारा घाईत असतो. नियम सोपे आहेत. पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीला मांडी नाही. दंड हृदयाच्या उंचीला, खाली टेबलाचा आधार. लघवी तुंबलेली नसावी. अर्धा तास चहा किंवा तंबाखू नको. पट्टा बाहीवरून नाही, उघड्या दंडावर. जाड दंडाला मोठा पट्टा. मोजताना बोलू नये. मिनिटभराने पुन्हा मोजावे. प्रत्यक्षात केंद्राच्या ओपीडीत पेशंट जिना चढून येतो, रांगेत उभा राहून केसपेपर काढतो, स्टुलावर टेकतो न टेकतो तोच बाही वर सारली जाते, आणि पट्टा फुगत असताना ‘गोळ्या चालू आहेत ना?’ हा प्रश्न विचारला जातो. तो उत्तर देतो. तिथेच काही मिलिमीटर वाढलेले असतात. मग हाच आकडा ॲपमध्ये बिनचूक नोंदवला जातो. दवाखान्यात १४०/९० आणि घरी १३५/८५ अशा वेगळ्या मर्यादा मानल्या जातात त्यामागे घरातल्या निवांतपणाचा हा हिशेब आहे. दवाखान्यातच वाढणारा आणि दवाखान्यात लपणारा, असे रक्तदाबाचे दोन्ही प्रकार घरच्या मोजणीतून उघडे पडतात.

सिस्टरच्या हातात

भारतातला सर्वांत मोठा प्रयोग पेशंटला फोन न देता झाला. आरोग्य मंत्रालय, आयसीएमआर, जागतिक आरोग्य संघटना आणि ‘रिझॉल्व्ह टू सेव्ह लाइव्ह्ज’ ही संस्था यांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह’ सुरू केला. पाच राज्यांतले २५ जिल्हे निवडले गेले. महाराष्ट्रातून सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा. योजनेचे पाच खांब होते: सर्वांना एकच, पायऱ्यापायऱ्यांनी लिहून दिलेला औषधक्रम, गोळ्यांचा अखंड पुरवठा, डॉक्टरचे काम नर्स आणि आरोग्य कर्मचाऱ्यांत वाटून देणे, पेशंटला सोयीची, घराजवळ मिळणारी महिन्याभराची गोळी, आणि नोंदींची पद्धत. फोन आला तो या पाचव्या खांबापुरता.

पंजाब, महाराष्ट्र आणि पुढे कर्नाटकातही त्यासाठी ‘सिंपल’ नावाचे ॲप वापरले गेले. ते मुक्त स्रोताचे आहे आणि बांगलादेश, इथिओपियातही वापरात आहे. त्याची रचना जाणूनबुजून तोकडी ठेवली आहे. पेशंटला क्यूआर कोड छापलेले एक कार्ड मिळते. पुढच्या भेटीत सिस्टर ते स्कॅन करते, पेशंटचे पान उघडते, वरचा-खालचा आकडा भरते, गोळी तीच की बदलली ते टिचकी मारून नोंदवते, पुढची तारीख ठरते. जुन्या पेशंटला अर्धा मिनिटही लागत नाही. रेंज नसेल तर नोंद फोनमध्ये राहते आणि रेंज आली की वर जाते. उंची, वजन, जेवणखाण, घराण्यातले आजार यांच्या लांबलचक रकान्यांना फाटा दिलेला आहे, कारण ते रकाने भरता भरता रांग वाढते आणि रांग वाढली की सिस्टर नोंद सोडून देते.

या ॲपमधला उपयोगाचा भाग म्हणजे तारीख उलटून गेलेल्यांची यादी. वहीत नोंद असली तर जो आला त्याचे पान उघडते. जो आला नाही तो वहीत दडून राहतो. यादीने तो समोर येतो, आणि नावासमोरच्या खुणेवरून थेट फोन लावता येतो. फोन लावल्यावर काय होते हे मात्र ॲपच्या हातात नसते. नंबर बदललेला असतो. घरातला एकच फोन मुलाकडे आणि मुलगा कामावर. उचलला तर कधी ‘बरं वाटतंय म्हणून बंद केल्या’, कधी ‘सुट्टी मिळत नाही’, कधी ‘गावी आहे, आल्यावर येतो’. रक्तदाब नियंत्रणाचा निम्मा इतिहास या तीन वाक्यांत मावतो.

परिणाम काय झाला? पंजाब, मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि तेलंगणातल्या २४ निवडक केंद्रांवर जानेवारी २०१८ ते जून २०१९ या काळात नोंदलेल्या २१,८९५ पेशंटांचा माग घेतला गेला. नोंदणीच्या वेळी सुमारे २६ टक्क्यांचा रक्तदाब आटोक्यात होता. २०१९ च्या तिसऱ्या तिमाहीत जे परत आले त्यांत हे प्रमाण जवळजवळ ६० टक्के झाले. मात्र परत आलेले ११,२७४ होते, नोंदणी झालेल्यांचे निम्म्याच्या किंचित वर. न आलेल्यांना हिशेबात धरले तर एकूण नोंदीच्या मानाने आटोक्यातले राहतात तिसाच्या आसपास टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला सांगतो की औषधक्रम काम करतो. दुसरा सांगतो की माणूस हरवतो. योजनेच्या बाजूने बोलणारे हेही नोंदवतात की दुसरा आकडा काढता आला तोच मुळी नोंदींची पद्धत आली म्हणून. ही दाद रास्त आहे. योजना पुढे शंभरावर जिल्ह्यांत पसरली आणि २०२२ मध्ये तिला संयुक्त राष्ट्रांशी संलग्न पुरस्कार मिळाला.

पण या यशातला ॲपचा वाटा किती, हे वेगळे काढता येत नाही. गोळ्यांचा पुरवठा, ठरलेला औषधक्रम आणि फोनवरची यादी एकदमच आली. ॲपविना तेच सर्व, असा तुलनेचा गट नव्हता.

डॉक्टरच्या टेबलावर

तिसरी कल्पना अशी, की पेशंटची माहिती भरली की टॅबलेटने डॉक्टरला सांगावे: ही गोळी वाढवा, ही तपासणी करा. भारतात हिच्या काटेकोर चाचण्या झाल्या आणि निकाल बेताचेच आले. हरियाणा आणि कर्नाटकातल्या ४० ग्रामीण रुग्णालयांत ‘एमवेलकेअर’ची चाचणी ३,६९८ पेशंटांवर झाली, निष्कर्ष २०१९ चे. टॅबलेट असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही गटांत रक्तदाब चांगलाच उतरला, आणि जवळजवळ सारखाच. नसलेल्या गटालाही डॉक्टरांचे प्रशिक्षण, भिंतीवरचे तक्ते आणि असंसर्गजन्य आजारांसाठी नेमलेली नर्स मिळाली होती. आंध्र प्रदेशातल्या १८ प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘स्मार्टहेल्थ’ची चाचणी झाली, त्यात गावातली आशा कार्यकर्ती पेशंट हेरून डॉक्टरकडे पाठवत होती. तिथेही रक्तदाबाच्या नियंत्रणात लक्षणीय फरक मिळाला नाही. याउलट हरियाणा आणि तिबेटमधल्या ४७ गावांत झालेल्या ‘सिमकार्ड’ चाचणीत (२०१५) गावच्या आरोग्यसेवकाला फोनवरून सोपा सल्ला मिळत होता, आणि रक्तदाबाचे औषध घेणाऱ्यांचे प्रमाण पंचवीस टक्के-अंकांनी वाढले.

हे निकाल वाचायच्या दोन रीती आहेत. काहींच्या मते टॅबलेट निरुपयोगी ठरला. दुसऱ्यांच्या मते नर्स नेमणे आणि औषध मिळणे हेच मुख्य होते, आणि ते दोन्ही गटांना मिळाल्यावर फरक दिसणार कुठून? दुसरे वाचन जास्त सयुक्तिक वाटते, पण ते पटले तर टॅबलेटचा खर्च कशासाठी, हा प्रश्न तसाच उरतो.

हरकती

पहिली हरकत कामाच्या ओझ्याची. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीवरच्या प्रत्येकाची तपासणी होऊन नोंद राष्ट्रीय पोर्टलवर जाते. आशा घरोघर फॉर्म भरते, एएनएम, म्हणजे केंद्राची परिचारिका, तो टॅबलेटवर चढवते. त्याच वेळी लसीकरण, गरोदर माता, क्षयरोग यांची वेगवेगळी ॲप चालू असतात. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारने दिलेले फोन परत केले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या तेव्हा ऑनलाइन कामाची सक्ती नको ही त्यांच्या मागण्यांतली एक होती. रक्तदाबाचे ॲप कितीही सुटसुटीत असले तरी सिस्टरच्या लेखी ते एकटे नसते.

दुसरी हरकत फोनच्या मालकीची. पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रिया सुमारे ५४ टक्के होत्या. इंटरनेट कधी ना कधी वापरलेले पुरुष ५७ टक्के आणि स्त्रिया ३३ टक्के. रक्तदाब वाढतो तो साठीकडे झुकलेल्यांचा, आणि फोन सराईतपणे हाताळतात ती त्यांची मुले. नवी मुंबईत स्मार्टफोन घरोघर असला तरी ‘आईचा फोन’ असा असेलच असे नाही. पेशंटच्या हातातल्या फोनवर बेतलेल्या योजना म्हणून आधीच सुस्थित असलेल्यांना जास्त लाभ देतात, असा आक्षेप आहे. त्यावर साध्या कॉलचा आणि मराठीतून बोलणाऱ्या रेकॉर्डेड निरोपाचा तोडगा सुचवला जातो.

तिसरी हरकत माहितीच्या गोपनीयतेची. बीपी आहे हे कळल्याने विम्याचा हप्ता वाढू शकतो, कंत्राटी कामगाराला मेडिकल फिटनेसच्या वेळी अडचण येऊ शकते. वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम येईपर्यंत नोव्हेंबर २०२५ उजाडला. तोवर दवाखान्यांचा रोजचा व्यवहार व्हॉट्सॲपवर बसून गेला होता. रिपोर्टचा फोटो, स्ट्रिपचा फोटो, यंत्राच्या पडद्याचा फोटो. सोयीचे म्हणून हे चालू आहे, आणि याची नोंद कोणत्याही रजिस्टरात होत नाही.

न सुटलेले

चाचण्या साधारण वर्षभर चालतात; पेशंटला गोळी तीस वर्षे घ्यायची असते. ॲप उघडण्याचा उत्साह काही महिन्यांत ओसरतो हे जगभर दिसले आहे, पण पाच-दहा वर्षांनी पक्षाघात खरोखर कमी झाले का, हे सांगणारा मोबाइलविषयीचा पुरावा अजून हाती नाही. खासगी दवाखान्यांचा प्रश्न तर जवळजवळ अस्पर्शित आहे. भारतातल्या मोठ्या योजना सरकारी केंद्रांभोवती उभ्या राहिल्या, आणि शहरातला बराचसा बीपीचा पेशंट शंभर-दोनशे रुपये देऊन गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो. त्या डॉक्टरला नोंद ॲपवर करण्यात काय मिळणार, याचे पटण्यासारखे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

आणि स्थलांतर. बाजार समितीतले माथाडी बरेचसे सातारा आणि पुणे जिल्ह्यांतले. १९८० च्या दशकापासून घाऊक बाजार मुंबईतून इकडे हलले तशी ही वस्ती कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे भागात वाढली. गावाकडे घर, शेत आणि म्हातारे आईवडील तसेच. सातारा जिल्ह्यात पाटणकडच्या गावात उन्हाळ्यात राहणारी आणि श्रावणानंतर मुलाकडे कोपरखैरण्याला येणारी बाई घेतली, तर ती दोन यंत्रणांच्या नोंदीत आहे. सातारा हा पहिल्या टप्प्याचा जिल्हा, तिथल्या केंद्रात तिचे कार्ड असू शकते. नवी मुंबईच्या केंद्रात ती नवी पेशंट. सातारच्या यादीत तिची तारीख उलटलेली दिसते, तिच्या नावाने फोन जातात, काही काळाने ती ‘उपचार सोडलेली’ ठरते, आणि त्याच सुमारास कोपरखैरण्यात तिची ‘नवी नोंद’ होते. तिने गोळी एकही दिवस चुकवलेली नसेल. दोन्ही ठिकाणचे आकडे मात्र चुकलेले असतात, एकीकडे गळती फुगलेली आणि दुसरीकडे निदान.

सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनने प्रत्येकाला चौदा आकडी आरोग्य क्रमांक देऊन याच दुव्याची सोय करायचे ठरवले आहे. क्रमांक कोट्यवधींना मिळाले आहेत. मात्र कार्डावरचा क्यूआर कोड, राष्ट्रीय पोर्टल, महापालिकेची ओपीडी आणि गल्लीतला डॉक्टर हे चारही त्या क्रमांकाने एकमेकांशी बोलू लागले, तरच तो या बाईच्या कामाचा. सध्या ती कोपरखैरण्याच्या केंद्रात येते तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीतून गावाकडचा दुमडलेला केसपेपर आणि टेल्मिसार्टनची अर्धी संपलेली स्ट्रिप काढून टेबलावर ठेवते, आणि सिस्टर त्यावरून तिची गोळी ओळखते.